मॅडम, आज ॲक्टिव्हिटी हाय का शिकवणार हायसा?

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात पाय ठेवला आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आज ॲक्टिव्हिटी हाय का शिकवणार हायसा?"

वर्ग हसला, मीही हसले. पण मधल्या सुट्टीत चहा पिताना ते वाक्य परत परत आठवायला लागलं. पोराच्या डोक्यात दोन कप्पे पक्के झालेत. ॲक्टिव्हिटी म्हणजे चार्ट, टाळ्या, दंगा आणि मॅडम मोबाईल काढून फोटो घेणार. शिकवणं म्हणजे फळा, वही, 'उतरवून घ्या'. हे कप्पे त्याने घरून आणलेले नाहीत. आम्हीच करून दिलेत.

कोल्हापूरला लागून असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी 19 वर्षं इंग्रजी शिकवते. वर्गात साठ-बासष्ट पोरं, एका बाकावर तिघं, तास 35 मिनिटांचा, त्यातली पाच हजेरी आणि वह्या गोळा करण्यात जातात. हे आधीच सांगते, कारण कृतियुक्त अध्ययनावर, म्हणजे पोरांनी स्वतः काहीतरी करत शिकण्यावर, बोलणाऱ्यांच्या वर्गात मला नेहमी वीस मुलं, गोल टेबलं आणि भरपूर वेळ दिसतो.

कागदावर आपल्याकडे कशाचीच कमतरता नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की मुलाने कृतीतून, शोध घेत शिकावं. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला. साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा एक गट, बघायला आपल्याकडच्या शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. तिथं खरंच चांगलं काम झालं होतं. आम्ही परत येताना काय आणलं? फरशीवरची रंगीत चौकटींची कल्पना. फरश्या रंगल्या, फोटो ग्रुपवर पडले, अंगठे आले. पोरगं त्या चौकटीत उभं राहून काय विचार करतंय, हे फोटोत दिसत नाही.

नावं ठेवायला मी मोकळी नाही. माझीच फजिती सांगते.

बरीच वर्षं झाली. एका प्रशिक्षणातून 'जिगसॉ' नावाची गटात शिकवायची पद्धत शिकून आले होते. नववीचा वर्ग, धडा मोठा. सहा-सहाचे गट केले, प्रत्येकाला एक परिच्छेद वाटून दिला, 'वाचा आणि आपल्या गटाला समजावून सांगा' म्हटलं. बाक फिरवण्यात बारा मिनिटं गेली. एक बाक मोडला. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आणि गटांत काय चाललं होतं? प्रत्येक गटात एक हुशार पोरगी सगळं भराभर लिहीत होती. बाकीचे तिची वही पूर्ण व्हायची वाट बघत होते. मागच्या गटात जांभळं वाटली जात होती. तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावून अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, काही भांडण झालं होतं का वर्गात?"

मी तेव्हा सगळा दोष पोरांवर ढकलला. मग गर्दीवर, मग बाकांवर.

चूक कुठं होती ते खूप नंतर कळलं, ही पद्धत मुळात कुठून आली ते वाचल्यावर. 1971 साल, अमेरिकेतलं टेक्सासमधलं ऑस्टिन गाव. काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तोवर वेगळ्या शाळांत होती, ती नुकतीच एका वर्गात आणली होती आणि वर्गावर्गांत मारामाऱ्या चालू होत्या. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि एकेका मुलाच्या हातात एकच तुकडा दिला. बाकीचे तुकडे त्याला वाचायलाच मिळत नव्हते. ज्या मुलाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडेही असा एक तुकडा होता जो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. त्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि मी काय केलं होतं? परिच्छेद वाटले, पण पाठ्यपुस्तक सगळ्यांच्या दप्तरात! मागच्या बाकावरच्या पोराने अडखळत आपला परिच्छेद समजावून सांगावा तरी कशाला आणि ऐकणाऱ्याने ऐकावा तरी कशाला? हुशार पोरीने पान उलटलं आणि काम संपवलं. ती शहाणी होती. मूर्खपणा माझा होता.

तेव्हापासून मी माझेच प्रश्न तपासायला लागले. 'व्हॉट इज धिस?' हातात पेन. पेन आहे हे साठ जणांना दिसतंय, मलाही माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे. 'व्हॉट कलर इज माय सारी?' 'हाऊ मेनी विंडोज आर देअर?' आख्खा तास आम्ही असले प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. घरात कुणी असं बोलत बसलं तर त्याला दवाखान्यात नेतील.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीत पोरगं येतं तेव्हा त्याची सात वर्षं इंग्रजीत झालेली असतात. आणि सगळा वर्ग न अडखळता, योग्य वेळी, योग्य माणसाला म्हणतो असं एकच इंग्रजी वाक्य आहे: 'मे आय गो टू टॉयलेट, मॅडम?' विनोद म्हणून सांगत नाही. सात वर्षांत ज्या वाक्याची त्याला खरोखर गरज पडली ते हे एक. ते कुणी घोकून घेतलं नाही, त्याचा चार्ट नाही, त्यावर टाळ्या नाहीत. मला कळत नव्हतं की याला जायचंय, आणि ते सांगितल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात बसतं. एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि दुसऱ्याला ते हवंय. एवढं असलं की बोलणं आपोआप होतं. हे नसेल तर बाक फिरवा, टोप्या घाला, गाणी म्हणा, वर्ग झोपलेलाच असतो, फक्त मोठ्याने झोपलेला असतो.

आता मी काय करते ते सांगते. बाक हलवायचे मी बंद केलेत. एसटीच्या वेळापत्रकाच्या दोन चिठ्ठ्या करते. एका चिठ्ठीत पन्हाळा आणि गगनबावड्याच्या वेळा भरलेल्या, राधानगरी आणि गारगोटीच्या रिकाम्या. दुसरीत उलटं. पाठीला पाठ लावून बसायचं, एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही, मराठीत विचारायचं नाही. 'व्हेन डज द बस टू राधानगरी लीव्ह?' हे एक वाक्य फळ्यावर. बाकावर तिघं असतात, मग तिसरा पंच. कोण मराठीत घसरला त्याची नोंद तो ठेवतो, आणि हे काम पोरं इतक्या निष्ठेने करतात की मला भीती वाटते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा वेळा मी मनाच्याच घातल्या होत्या. एक पोरगं चिठ्ठी घेऊन उठलं, रागावलेलं. "मॅडम, ही गाडी ह्या टायमाला कवाच सुटत न्हाई." रोज त्याच गाडीने येणारा. मी म्हटलं, इंग्रजीत सांग, तरच बदलते. तो उभा राहिला, घाम पुसला, शेजाऱ्याला 'कवाच न्हाई' म्हणजे काय ते विचारलं आणि म्हणाला, "मॅडम, धिस बस नेव्हर लीव्ह धिस टाइम. नेव्हर!" 'लीव्ह'ला एस लावायचा राहिला. मी काही बोलले नाही. वर्षभर 'नेव्हर' हा शब्द मी फळ्यावर लिहीत होते, त्या दिवशी तो पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडातून हुकमी बाहेर पडला.

वेळापत्रकाची कल्पना माझी नाही आणि विलायतेची तर अजिबात नाही. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत, बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून तो जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना माहीत आहे. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं दिली आणि कोडी सोडवायला लावली. लक्ष उत्तर शोधण्याकडे, भाषा त्या ओघात. आज परदेशी पुस्तकांत ज्याला टास्क-बेस्ड टीचिंग म्हणतात त्याची एक मोठी मुळी आपल्याच देशात आहे, आणि आपण ती बाहेरून आलेल्या प्रशिक्षणात नवीन म्हणून ऐकतो.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रभूंना गटकार्याचं फारसं कौतुक नव्हतं. मुलं आपापसांत एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील असं त्यांना वाटायचं. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर तसलंच एक कोडं तोंडी सोडवायचं, मग प्रत्येकाने दुसरं कोडं एकट्याने सोडवायचं. वर्ग शांत, आणि तरी प्रत्येकाचं डोकं कामाला लागलेलं. या बाबतीत मी सगळीकडे त्यांच्यासारखी वागत नाही, पण 'तुमच्या वर्गात दंगा नाही म्हणजे कृती नाही' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. तसंच दंगा आहे म्हणजे कृती आहे असंही नाही. माझा तो जांभळांचा तास आठवा.

गुऱ्हाळावर नेऊन पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत समाधान दिलेला तास तो आहे.

पॅसिव्ह व्हॉइस. 'राम ईट्स अ मँगो, अ मँगो इज ईटन बाय राम.' वीस वाक्यं उलटी करा. पोरं करतात, मार्क पडतात. राम तो आंबा सरळ खात होता, त्याला उलटा का केला, हे एकालाही ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

शाळेपासून दहा मिनिटांवर गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर चालू होतं. नववीला घेऊन गेले. जायच्या आधी गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकच टप्पा दिला. एक गट फक्त घाण्याजवळ, ऊस आत जातो आणि रस बाहेर येतो तिथं. एक काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ. एक मळी काढतात तिथं, तिथंच भेंडीचा चिकट रस घालून घाण वर कशी आणतात ते बघायचं. एक गुळव्याजवळ, म्हणजे गूळ तयार करणाऱ्याजवळ, पाक झाला हे त्याला कसं कळतं ते विचारायला. एक वाफ्याजवळ, जिथं तो ओततात आणि ढवळतात. शेवटचा गट रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरतात तिथं. दुसऱ्या गटाच्या ठिकाणी फिरकायचं नाही. निम्म्या पोरांच्या घरी ऊस आहे, त्यामुळे 'आम्हाला सगळं माहीत हाय' ही घमेंड होतीच. पण चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या चुलीत, चिपाडं कधी वाढवायची आणि कधी ओढायची, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी दाबून बघायची, हे ऊस लावणाऱ्याच्या पोरालाही माहीत नव्हतं. गुळव्याशी बोलणं अर्थातच मराठीत. तिथं इंग्रजीचा आग्रह धरला असता तर गुळव्याने आम्हालाच काहिलीत टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहा चित्रं उलटसुलट करून लावली. प्रत्येक गटाने आपला टप्पा इंग्रजीत सांगायचा, बाकीच्यांनी चित्रांचा क्रम लावायचा. 'द केन इज क्रश्ड.' 'द ज्यूस इज बॉइल्ड.' 'द स्कम इज रिमूव्ड.' काहिलीला काय म्हणायचं यावर वाद झाला, शेवटी काहीलच ठेवली. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एक पोरगा उठला. त्याचे आजोबा त्या गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. "नो मॅडम. माय आजोबा बॉइल्स." मी म्हटलं, बरोबर आहे, पण इथं रसाची गोष्ट चाललीय, कोण उकळतो ते सांगायलाच हवं असं नाही. तो ऐकेना. "आन् मग त्यांचं नाव कुठं जानार?"

त्या प्रश्नाने माझा पुढचा सगळा तास शिकवला. फळ्यावर 'बाय माय ग्रँडफादर' लिहिलं. मग अर्धा वर्ग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या. कुठं माणसाचं नाव हवं, कुठं नको? गुळाच्या खोक्यावर काय छापाल? आजोबांच्या सत्काराच्या पत्रिकेत काय लिहाल? बातमीत 'झाडं तोडली गेली' असं लिहिलं तर कुणाचं नाव उघड व्हायचं वाचलं? शेवटचा प्रश्न माझा नव्हता, एका मुलीचा होता. कर्मणी प्रयोग म्हणजे कर्त्याला लपवायची सोय असू शकते, हे नववीच्या पोरीने शोधलं, आणि तेही मराठीत.

मराठीत, हे मुद्दाम लिहिलं. 'इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी' हा दंडक मी कधीच सोडला. विचार कोल्हापुरीत होऊ दे, निघताना इंग्रजी होऊन निघू दे. दहावीच्या बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात भाषांतराला 5 गुण आहेत, मग आपणच का सोवळं पाळायचं? उलट आमच्या बोलीचा उपयोगच होतो. आमच्याकडं पोरी सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुस्तकातली मराठी त्यांना 'आले', 'जाते' म्हणायला लावते आणि त्या संकोचतात. मी त्यांना सांगितलं, इंग्रजीत 'आय केम' म्हणताना पोरगा की पोरगी हे कुणी विचारतच नाही. एक जण पटकन म्हणाली, "म्हंजे इंग्रजी कोल्हापुरीच हाय की!" भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, त्या दिवसापासून ती मुलगी 'आय'ने सुरू होणारी वाक्यं बिनधास्त बोलते.

आता दुसरी बाजू. मी रोज असलं काही करत नाही. रोज कुणीच करू शकत नाही, आणि करतो म्हणणाऱ्याच्या वह्या तपासाव्यात. काळांचा तक्ता मी सरळ फळ्यावर समजावते, पंधरा मिनिटं, माझंच तोंड चालू. स्पेलिंगं पाठ करून घेते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला 'शोध' म्हणून सोडणं हा निर्दयपणा आहे.

पण साठ जणांच्या वर्गात, एकही बाक न हलवता, रोज करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. प्रश्न विचारा, सगळ्यांना गप्प बसून विचार करू द्या, मग शेजाऱ्याला सांगू द्या, मग वर्गाला. अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी 1981 साली हे मांडलं. यातलं सगळ्यात अवघड काय, तर ते गप्प बसणं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मी मोबाईलवर माझाच तास मुद्रित करून ऐकला. एक सेकंदसुद्धा नाही हो! प्रश्न माझा, उत्तरही माझंच, आणि वर 'अंडरस्टूड?' त्यावर वर्गाचा सामुदायिक 'येस मॅडम'. हा प्रयोग घरी दार लावून करा, लाज वाटते.

प्रशिक्षणांमध्ये हमखास दिसणाऱ्या त्या त्रिकोणाबद्दलही बोलू दे. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, दुसऱ्याला शिकवलेलं 90. या आकड्यांच्या मागे कुठलंच संशोधन नाही. एडगर डेल यांनी 1946 ला असा एक शंकू काढला होता खरा, पण त्यात टक्के नव्हतेच, ते मागून कुणीतरी चिकटवले. इतके गोल गोल आकडे बघूनच शंका यायला हवी होती. मी दोन वर्षं पालकसभेत ते ठणकावून सांगत होते, हेही कबूल करते.

खरा पुरावा हवा असेल तर तो आहे. 2014 साली 225 अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा कृती करून शिकवलेल्या वर्गापेक्षा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. हे कॉलेजातल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांचं आहे, आठवीच्या इंग्रजीवर ते जसंच्या तसं लावू नये. मला जास्त उपयोगी पडला तो हार्वर्डमधला 2019 चा अभ्यास. तिथं कृती करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जास्त मार्क मिळाले, पण स्वतःला काय वाटतं विचारल्यावर ते म्हणाले, आम्ही कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकलं की कळल्यासारखं वाटतं. स्वतः झटापट केली की आपल्याला काय येत नाही तेवढंच दिसतं.

पालक येऊन विचारतात, "मॅडम, वहीत कायच कसं न्हाई?" तेव्हा मला हे आठवतं. त्यांना हार्वर्ड सांगून उपयोग नाही. मी पोराला बोलावते आणि म्हणते, बाबांना गुळाचं सांग. तो सांगतो. बाबांना इंग्रजी कळत नाही, पण पोरगं कागद न बघता बोलतंय हे कळतं. परीक्षेचं विचाराल तर 80 चा पेपर लेखी, 20 गुण अंतर्गत. 2019 ला ते 20 काढले तेव्हा दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला, ओरड झाली, पुढच्या वर्षी गुण परत आले. या सगळ्यात 'पोरांना बोलायला किती येतं' हा विषय कुणाच्याच तोंडी नव्हता. तोंडी परीक्षेला 'माय बेस्ट फ्रेंड' पाठ करून येणारी पोरं आम्ही सगळ्यांनीच पुरे मार्क देऊन पाठवली आहेत. चाळीस बेस्ट फ्रेंड, चाळिसांचा स्वभाव 'व्हेरी हेल्पफुल'.

यंदा मी तो विषयच बंद केला. पहिल्यांदा म्हटलं, मला ऑफसाइड समजावून सांगा. शाहू स्टेडियमच्या भिंतीवर बसून वाढलेली पोरं ही, आणि मला ऑफसाइड खरंच कळत नाही, अजूनही. चौघांनी खडू, डस्टर, डबे मांडून सांगितलं. 'मॅडम, यू आर स्टँडिंग हिअर, बॉल इज नॉट कम, यू आर चीटिंग.' मी दोनदा चुकीचं समजले. तिसऱ्यांदा त्यांनी डोक्याला हात लावला.

मग म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसाच्या कामातली अशी एक गोष्ट आणा जी वर्गात कुणालाच माहीत नाही. काल एक मुलगी उभी राहिली, सहसा न बोलणारी. आई घरी चपलांच्या वेण्या विणते. "माय मदर मेक्स वेणी. नॉट चप्पल. ओन्ली वेणी." वर्ग शांत. सगळ्यांच्या घरी कोल्हापुरी चप्पल, पण वेणी वेगळं माणूस विणतं हे निम्म्यांना माहीत नव्हतं. तो आठवड्यापूर्वी 'शिकवणार हायसा?' विचारणारा पोरगा तिसऱ्या बाकावरून म्हणाला, "हाऊ मेनी वन डे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला काय माहीत? मी खांदे उडवले.

"आय आस्क," ती म्हणाली, आणि बसता बसता मराठीत, "उद्या सांगतो."